चुकीच्या जागी बसवलेलं इंजिन

(गणेशोत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे मी मोटारीवर बोलणार हे कळल्यावर एका काकूंनी विचारलं, "काय रे, गाडी विकायला काढलीस का?" नाही काकू, माझ्याकडे स्कूटरच आहे. ज्या गाडीबद्दल सांगणार आहे, ती पोर्शे ९११ मी कधी चालवलेलीही नाही. पण मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होतो तेव्हापासून तिचा नाद आहे, आणि तो तिच्या वेगापेक्षा तिच्या दुरुस्त्यांमुळे जास्त आहे.

सप्टेंबर १९६३ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली. रूप फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचं. फोक्सवॅगनची बीटल घडवणाऱ्या फर्डिनांड पोर्शे यांचे ते नातू. नाव तेव्हा ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीकडे राखीव होते, त्यांनी हरकत घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. म्हणजे जगप्रसिद्ध नाव निव्वळ तडजोडीतून आलं.

इंजिन दोन लिटरचं, १३० अश्वशक्तीचं. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे झोपवलेले. रेडिएटर नाही, पंखा हवा मारतो आणि तेल उष्णता ओढून नेतं. आणि हे सगळं मागच्या चाकांच्याही मागे लटकवलेलं! बीटलचंही तसंच होतं, पण तिचं इंजिन लहान. इथे सहा सिलिंडरांचं ओझं.

आपल्यापैकी ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना माहीत आहे, मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं. ९११ चं दुखणं त्याच जातीचं. वळणावर वेग जास्त झाला असं वाटून चालकानं घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, की भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि जड शेपूट बाहेर फेकलं जातं. पुढचं तोंड मागे फिरायला वेळ लागत नाही. जी कृती इतर गाड्यांत सावधगिरीची, तीच इथे घातक.

आता पहिला उपाय ऐका. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत सुमारे ११ किलोचा एकेक बिडाचा तुकडा बसवला! जर्मन इंजिनिअरांनीही आधी जुगाडच केला, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

खरा इलाज १९६९ च्या मॉडेलमध्ये आला. इंजिन जिथल्या तिथे ठेवलं आणि मागची चाकंच ५७ मिलिमीटर मागे नेली. एका जड बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. ५७ मिलिमीटर म्हणजे जेमतेम चार बोटं. पण तेवढ्यानं गाडी माणसाळली.

१९७३ ची कॅरेरा आरएस २.७ लिटरची, २१० अश्वशक्तीची. तिच्या मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला. तो शोभेचा नव्हता. वेगात हवा गाडीची मागची बाजू उचलते, ती दाबून धरण्यासाठी होता. पाठोपाठ टर्बो आली, २६० अश्वशक्तीची. टर्बो उशिरा जागा व्हायचा आणि ऐन वळणात जोर द्यायचा. तिला 'विधवा करणारी' असं टोपणनाव पडलं, यातच सगळं आलं.

वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला मात्र आवडेल ती गोष्ट टेन्शनरची. या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या दोन चेन आहेत. त्यांना ताण देणारे जुने टेन्शनर आपल्या आतल्या तेलावर चालत. ते तेल झिरपलं की चेन ढिली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणार, इंजिनाची राखरांगोळी. १९८४ च्या ३.२ लिटर कॅरेरात इंजिनाच्याच दाबाचं तेल टेन्शनरला जोडलं. दुखणं संपलं. विशेष म्हणजे हा भाग जुन्या इंजिनांनाही बसवता येतो. कितीतरी जुन्या गाड्यांच्या मालकांनी तो बसवून घेतला आणि त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

पण १९८४ पर्यंत ही गाडी पोहोचलीच नसती. पुढे पाण्यावर थंड होणारं इंजिन असलेली नवी ९२८ आली होती आणि ९११ बंद करायचं ठरत आलं होतं. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनीच नंतर सांगितलेली हकीकत अशी, की मुख्य इंजिनिअर हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. इतर गाड्यांच्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची रेघ १९८१ अखेर थांबली होती. शुट्झनी मार्कर घेतला आणि ती रेघ कागदाबाहेर, भिंतीवर ओढत नेली.

आमच्याकडे याला गाडी कंडम करणं म्हणतात. तशा कागदांवर मीही सह्या केल्या आहेत. बहुतेक बरोबर होत्या. दोन-तीन सह्यांच्या वेळी मात्र नुसता एक भाग बदलला असता तर काम झालं असतं, हे मला माहीत होतं. शुट्झची गोष्ट वाचताना त्या सह्या आठवतात.

पुढे १९८९ मध्ये टॉर्शन बार जाऊन कॉइल स्प्रिंग आले, एबीएस आलं. ८५ टक्के भाग नवे, असं कंपनीनंच सांगितलं. नंतरच्या ९९३ मध्ये मागचं सस्पेन्शन पूर्ण बदललं, आणि तीस वर्षांपूर्वीचं ते शेपूट ताब्यात आलं. १९९८ मध्ये हवेवर थंड होणारी ९११ बंद झाली. पाणी आलं म्हणून जुने भक्त आजही नाराज आहेत. मला ते पटत नाही. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत असताना दुसरा मार्ग नव्हता.

कुणी म्हणेल, इतका खटाटोप करण्यापेक्षा इंजिन मधेच का नाही आणलं? कारण मागच्या ओझ्याचा फायदाही आहे. चालत्या चाकांवर भार असल्यानं गाडी सुटताना पकड जबरदस्त मिळते, आणि आत मागे मुलांपुरत्या दोन सीटही राहतात.

मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली. हिरव्या रंगाची. इंजिन मागेच.

आरतीची घंटा झाली, थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर प्रसादाच्या रांगेत मी आहेच.