शत्रूचा शत्रू
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीच्या शेंड्यावर उलटी लटकून मेलेली हिरवी बोंडअळी तुम्ही पाहिली असेल. तिला विषाणूचा रोग झालेला असतो. अशा अळ्या वाटून, गाळून संध्याकाळी फवारल्या की चांगल्या अळ्याही मरतात. बैलाला, माणसाला मात्र काही होत नाही.

माणसाला रोग देणाऱ्या जीवाणूंनाही असेच विषाणू मारतात. १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स डेरेल याने त्यांना बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूभक्षक, हे नाव दिले. हा विषाणू जीवाणूला चिकटतो, आपले बीज आत सोडतो, आत पिलावळ वाढते आणि जीवाणू फोडून बाहेर पडते. १९२७ साली डेरेल हिंदुस्थानात आला आणि पटकीच्या रोग्यांवर त्याने हा उपाय करून पाहिला. पुढे पेनिसिलिन आले आणि बहुतेक जग हे विसरले. जॉर्जिया देशात तिबिलिसीच्या संस्थेने मात्र काम सोडले नाही.

आज त्याची आठवण का? एकच औषध वरचेवर फवारले की काय होते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. गुलाबी बोंडअळीने बीटी पचवले, तसे जीवाणूंनी अँटिबायोटिक पचवले. २०१९ या एका वर्षात त्यापायी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे.

अमेरिकेत टॉम पॅटरसन नावाच्या प्राध्यापकावर एकही औषध चालेना. तो बेशुद्ध होता. त्याची बायको स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगशास्त्राची अभ्यासक. तिने शास्त्रज्ञांच्या मागे लागून विषाणू मिळवले. काही तर सांडपाण्यातून शोधलेले. मार्च २०१६ मध्ये ते शिरेतून दिले. काही दिवसांत तो शुद्धीवर आला, पुढे बरा झाला.

हा रामबाण नव्हे. एक विषाणू ठराविक जीवाणूलाच मारतो, म्हणून रोग्यागणिक जोडी जुळवावी लागते. जीवाणू यालाही दाद देईनासे होतात. पॅटरसनच्या वेळीही विषाणू बदलावे लागले. पण ते गटारात, नदीत, मातीत अमाप आहेत.

तेव्हा दोन गोष्टी करा. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका आणि डॉक्टरांनी दिले तर त्यांनी सांगितले तितके दिवस घ्या. आणि आपल्या नद्यांतले हे विषाणू शोधून साठवण्यासाठी सरकारी प्रयोगशाळांना पैसा द्या, अशी मागणी या बैठकीतून करू या. औषधे संपल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नाही.