घोड्यावरचा माणूस

आमच्या हिमायतनगरला, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी वाढोण्याला, महाशिवरात्रीला परमेश्वराची जत्रा भरते. त्याआधी, मार्गशीर्षाच्या शेवटी, लोह्याजवळच्या माळेगावची खंडोबाची जत्रा होऊन गेलेली असते. माळेगावचा घोड्यांचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तिथे घोडा घेणारा माणूस आधी दात पाहतो, मग खूर पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. जनावराची पारख आपल्या मराठवाड्याच्या माणसाला शिकवायला नको.

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का पाहा. बैलांचा पट झाला की आपण विचारतो, "पट कोणी मारला?" उत्तर येते, "अमक्या पाटलाच्या जोडीने." बैलांची नावे कळतात, मालकाचे नाव कळते, गुलाल उधळला जातो. जोडी हाकणारा धुरकरी कोण होता, हे विचारणारा एखादाच निघतो. त्या काही क्षणांत त्याने काय केले, कुठे ढिले सोडले, कुठे आवरले, ते तो आणि ते दोन बैल जाणोत. घोड्यांच्या शर्यतीतही असेच आहे. कागदावर घोडा आणि मालक राहतात, स्वार मागे पडतो. अशाच एका स्वाराची हकिकत आज सांगणार आहे. तो आपल्या मुलखातला नव्हे. तो अमेरिकेतला होता, वर्णाने काळा होता, आणि त्याचे नाव जिमी विंकफील्ड.

आधी थोडे त्याच्या काळाविषयी सांगितले पाहिजे. शर्यतीचा जो उंच, सडपातळ, लांब पायांचा घोडा असतो त्याला थरोब्रेड म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तिथल्या घोड्या आणि पूर्वेकडून नेलेले अरबी व तुर्की घोडे यांच्या संकरातून ही जात तयार झाली. अमेरिकेत तिचे माहेरघर म्हणजे केंटकी हा प्रांत. 1865 साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याआधी दक्षिणेतल्या मोठ्या जमीनदारांचे तबेले गुलामच सांभाळत. घोड्याला दाणापाणी करणारे तेच, खरारा करणारे तेच, शिंगराला पहिल्यांदा खोगीर चढवणारेही तेच. साहजिकच शर्यतीत बसणारेही तेच झाले. 1875 साली केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा पंधरा स्वारांपैकी तेरा काळे होते आणि जिंकणारा ऑलिव्हर लुईसही काळाच होता. पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकी पंधरा काळ्या स्वारांनी जिंकल्या. आयझॅक मर्फी नावाच्या एकट्या स्वाराने तीन जिंकल्या.

विंकफील्डचा जन्म याच केंटकीत, लेक्सिंग्टन शहराजवळ, 1882 च्या सुमारास झाला. बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा. सतरा भावंडांत हा सगळ्यांत धाकटा. अशा घरातल्या पोराने काय करायचे? तो तबेल्यात कामाला लागला. सकाळी घोडे फिरवून आणायचे, घाम पुसायचा, पाणी दाखवायचे. अंगाने लहानखुरा आणि हाताने हलका असल्याने मालकांनी त्याला खोगिरावर बसवले. 1898 साली शिकागोला त्याची पहिली शर्यत झाली. पोराने उत्साहाच्या भरात बाहेरच्या अंगाने थेट आतल्या कठड्याकडे मुसंडी मारली. चार घोडे एकमेकांत अडकून पडले आणि एक वर्ष शर्यतीत बसायला त्याला बंदी झाली. पहिल्याच दिवशी असा धडा मिळाला! पण पुढे त्याच्या बसण्यात जो थंडपणा आला, त्याचे मूळ या धड्यात असावे असे मला वाटते.

1900 च्या केंटकी डर्बीत तो तिसरा आला. 1901 साली 'हिज एमिनन्स' या घोड्यावर बसून त्याने ती जिंकली. त्या एका वर्षात त्याने दीडशेहून अधिक शर्यती मारल्या. मग आले 1902. या वर्षीची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण स्वार म्हणजे नुसते घोड्यावरचे ओझे नव्हे हे तिच्यावरून कळते.

त्या वर्षी एका मालकाचे दोन घोडे डर्बीत उतरणार होते. एक 'ॲलन-अ-डेल' आणि दुसरा 'द रायव्हल'. दोन्ही घोड्यांना सकाळी फिरवून आणण्याचे काम विंकफील्डकडे होते. पण घोडा निवडण्याचा पहिला हक्क त्याला नव्हता. तो नॅश टर्नर या नावाजलेल्या गोऱ्या स्वाराचा. विंकफील्डला रोजच्या रपेटीत कळून चुकले होते की ॲलन-अ-डेल हाच खरा घोडा. मग त्याने काय केले? सरावात त्याला कधी पुरता सोडलाच नाही. लगाम अशा बेताने धरला की पाहणाऱ्याला वाटावे, घोडा एवढाच पळतो. टर्नरने द रायव्हल निवडला, आणि ॲलन-अ-डेल आपोआप विंकफील्डच्या वाट्याला आला.

शर्यतीत चारच घोडे होते. अंतर सव्वा मैल, म्हणजे सुमारे दोन किलोमीटर. ॲलन-अ-डेल पुढे निघाला खरा, पण शेवटच्या टप्प्यात त्याचा पाय लचकला. आता काय करावे? मारून तो पळणार नव्हता. रिंगणात कुठे जमीन घट्ट आहे आणि कुठे वाळू खोल आहे, हे विंकफील्डला पाठ होते. त्याने घट्ट जमीन आपल्या घोड्याला ठेवली आणि मागून येणाऱ्यांना वाळूच्या अंगाने धावणे भाग पाडले. लंगडता घोडा नाकाच्या अंतराने पहिला आला. सांगा पाहू, ही शर्यत घोड्याने जिंकली की स्वाराने?

1903 साली तो पुन्हा डर्बीत होता. सलग तीन डर्बी जिंकणे आजपर्यंत कोणत्याही स्वाराला साधलेले नाही, ते त्याला साधेल असे वाटत होते. पण त्याने घोडा थोडा लवकर सोडला, शेवटी दम कमी पडला आणि दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. चूक आपली होती, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले.

एव्हाना वारे फिरले होते. शर्यतीत पैसा वाढला आणि त्याबरोबर काळ्या स्वारांविषयीचा आकसही वाढला. गोरे स्वार संगनमत करून काळ्या स्वाराच्या घोड्याला कठड्याशी दाबत, घोड्याऐवजी माणसाच्या अंगावर चाबूक ओढत. मग मालकही म्हणू लागले, याला बसवून आपल्या घोड्याचे हातपाय का मोडून घ्या? त्यातच विंकफील्डनेही एक चूक केली. एका मोठ्या मालकाला शब्द दिलेला असताना जास्त पैशांच्या मोहाने तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसला. ती चूकच होती. पण तीच चूक गोऱ्या स्वाराने केली असती तर दंडावर भागले असते. याला मात्र मायदेशात काम मिळणे कठीण झाले. 1904 साली तो उठला आणि थेट रशियाला गेला.

मंडळी, नशिबाचा फेरा पाहा. आपल्या गावात ज्याला समोरच्या दाराने आत घेत नव्हते, त्याला मॉस्कोत मानाचे पान मिळाले. लाझारेव्ह नावाच्या आर्मेनियन तेलसम्राटाच्या तबेल्याचा तो मुख्य स्वार झाला. मॉस्को, वॉर्सा इथल्या मोठमोठ्या शर्यती त्याने पुन्हा पुन्हा जिंकल्या. नामांकित नॅशनल हॉटेलात त्याचे बिऱ्हाड होते आणि हाताखाली नोकर होता. तो रशियन बोलू लागला, तिथेच त्याने संसार मांडला.

1917 साली रशियात क्रांती झाली. झार गेला, सरदार गेले, आणि शर्यतीचा घोडा म्हणजे श्रीमंतांची चैन, तेव्हा तोही गेल्यातच जमा. उरलेसुरले तबेले काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदराला हलले. 1919 साली तेही शहर पडणार असे दिसू लागले. तेव्हा विंकफील्ड, एक पोलिश सरदार आणि तबेल्यातली माणसे यांनी दोनशेहून अधिक थरोब्रेड घोडे बाहेर काढले आणि डोंगर ओलांडीत पोलंडकडे कूच केले. सुमारे अकराशे मैलांची ती वाट. हिमायतनगरहून निघून दिल्लीच्याही पुढे चालत जावे एवढी! दाणावैरण नाही, रात्रीची झोप नाही, दोन्ही बाजूंना लढाई. काही घोडे वाटेत मेले आणि उपाशी माणसांना काही घोडे मारून खावे लागले. ज्यांना बोटांनी खरारा केला त्यांनाच खायचे, याचे दुःख घोडेवाल्यालाच कळेल. तरी बहुतेक घोडे वॉर्साला पोचले.

पुढे तो फ्रान्सला गेला. तिथेही जिंकला. 1930 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने रिकिबीतून पाय काढला तेव्हा त्याच्या नावावर अडीच हजारांहून अधिक शर्यती होत्या. पॅरिसजवळ मेझों-लाफित इथे स्वतःचा तबेला घालून तो घोडे तयार करू लागला. मग दुसरे महायुद्ध आले, जर्मन फौजेने तबेला घेतला. 1941 साली साठीला टेकलेला हा माणूस अमेरिकेत परतला तेव्हा हाती काय काम आले? न्यूयॉर्कला रस्ता फोडण्याचे! नंतर दुसऱ्याच्या तबेल्यात पुन्हा घोड्यांची चाकरी. जिथून सुरुवात केली तिथेच. 1953 साली तो फ्रान्सला परत गेला आणि तबेला पुन्हा उभा केला.

आता शेवटचा प्रसंग. 1961 साली केंटकी डर्बीच्या निमित्ताने लुईव्हिल शहरातल्या एका हॉटेलात मेजवानी होती. दोनदा डर्बी जिंकलेल्या या वृद्ध स्वाराला तिचे रीतसर निमंत्रण होते. तो मुलीला घेऊन दारात आला. दारावर त्याला अडवले. काळ्या माणसाला पुढच्या दाराने आत येता येणार नाही, असे सांगितले. निमंत्रण आहे हे पुन्हा पुन्हा सांगितल्यावर अखेर आत सोडले, पण आतही त्यांच्याशी फारसे कोणी बोलेना. बोलला तो रॉस्को गूस, 1913 च्या डर्बीचा विजेता, म्हणजे एक जुना गोरा स्वार. एका स्वाराने दुसऱ्या स्वाराला ओळखले, एवढेच.

1974 साली मेझों-लाफित इथे विंकफील्ड वारला. केंटकी डर्बी जिंकणारा तो आजवरचा शेवटचा काळा अमेरिकन स्वार. 1921 नंतर थेट 2000 सालापर्यंत त्या शर्यतीत काळा अमेरिकन स्वार बसलेलाही दिसला नाही. 2004 साली अमेरिकेच्या शर्यतींच्या मानकरी मंडळात विंकफील्डचे नाव घातले गेले. मृत्यूनंतर तीस वर्षांनी!

दूरची गोष्ट म्हणून ती सोडून देऊ नका. 1943 साली मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली. 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी जिंकली, ती बडोद्याच्या राजघराण्याची. स्वार होता एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियाचा. घोडा आपला, मैदान आपले, पण लगाम परक्याच्या हाती, असा तो काळ. पुढे पांडू खाडे, वसंत शिंदे अशी मराठी नावे मुंबई-पुण्याच्या मैदानांवर गाजली. शर्यतीवर पैसे लावण्याचा नाद वाईट, त्याने घरे धुळीला मिळाली आहेत आणि त्याची तरफदारी मी करणार नाही. पण स्वाराची विद्या ही विद्याच आहे. ती हातात असते, आणि म्हणूनच विंकफील्डच्या हातून ती ना कोणा मालकाला काढून घेता आली, ना क्रांतीला, ना फौजेला.

तेव्हा पुढच्या जत्रेत पट संपला, गुलाल उडाला आणि जोडीचे व मालकाचे नाव कानावर आले, की तेवढ्यावर परत फिरू नका. गर्दीतून थोडे पुढे जा, घामाने निथळणारा तो पोरगा कोणाचा आहे ते विचारा, आणि त्याला नावाने हाक मारा.