कऱ्हाड चुकीचे कसे?

तीन वर्षांपूर्वी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या एका संस्थेसाठी मी नावनोंदणीचे संकेतस्थळ तयार केले. नाव, गाव, गट नंबर, मोबाईल, बँकेचा तपशील, एवढाच अर्ज. पहिल्याच दिवशी कऱ्हाडहून एका गृहस्थांचा फोन आला. "अहो साहेब, तुमचं यंत्र म्हणतंय, आमचं गावच चुकीचं. मग आम्ही राहतो कुठं?"

चूक माझीच होती. अर्जात भरलेली माहिती बरोबर आहे का, हे तपासायला आम्ही प्रोग्रामर सहसा तयार साधन घेतो. त्याला व्हॅलिडेशन लायब्ररी म्हणतात. जोई, यप, झॉड, एजेव्ही अशी कितीतरी फुकट मिळतात. जिचे नाव जास्त ऐकले, ती मी घेतली आणि 'नावात फक्त अक्षरे हवीत' असा नियम घातला. संगणकाच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, ती वेगळी चिन्हे. त्यामुळे चाचणीतच शिंदे, पाटील अडले. ते सुधारले. पण कऱ्हाडमधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो, आणि एका तऱ्हेत मध्ये डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड सारखेच दिसतात! शेतकऱ्यांचा अर्ज, आणि 'शेतकऱ्यां'मधलाच र अडलेला.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. आधी वहीत नोंदी लिहिल्या. कऱ्हाड, म्हसवड, 'ऐतवडे बु.' (यातला पूर्णविरामही माझ्या नियमाला खपत नव्हता), गट नंबर '१२४/२/अ', देवनागरी आकड्यांतला मोबाईल. जावास्क्रिप्टमधला अंकांचा नेहमीचा नियम फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, पायथॉनमधला देवनागरीही ओळखतो. या नोंदी प्रत्येक लायब्ररीतून चालवून पाहिल्या.

खरे सांगायचे तर अक्षरांचे नियम सगळीकडे आपल्यालाच लिहावे लागतात. मी झॉड निवडली, कारण आधी आकडे आणि जोडचिन्हे सारखी करून मग तपासणे तिच्यात सोपे वाटले, चुकीचा निरोप मराठीत देता आला, आणि तेच नियम ब्राउझरमध्ये व सर्व्हरवर दोन्हीकडे चालले. सर्व्हरवर तपासणी हवीच. ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीची, ती चुकवणे कुणालाही जमते.

सैलपणा मात्र सगळीकडे चालत नाही. बँकेच्या आयएफएससीत अकरा चिन्हे असतात आणि पाचवे शून्य. लोक हमखास इंग्रजी 'ओ' टाकतात. तिथे अर्ज थांबतो; पण आता 'अवैध माहिती' असे न म्हणता 'पाचव्या जागी शून्य टाका' असे सांगतो.

कऱ्हाडच्या त्या गृहस्थांची नोंद त्याच आठवड्यात झाली. त्यांनी दुसऱ्यांदा फोन केला तो गट नंबरसाठी. त्यांच्या उताऱ्यावर 'पैकी' असा शब्द होता. तोही वहीत चढवला.