मैलापूरहून गुलमर्गला: टणक बर्फासाठी स्की कशी निवडावी

(गणेशोत्सवातील सायंकालीन व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आरती आटोपून प्रसादासाठी थांबल्यामुळे आयतेच माझ्या तावडीत सापडलेले रसिकहो,

भाद्रपदात, तेही मैलापुरात, घामाने सदरा पाठीला चिकटलेला असताना बर्फावरून घसरण्याविषयी बोलायचं, म्हणजे थोडं धाडसच आहे. कार्यकारिणीत हा विषय निघाला तेव्हा हशा पिकला होता असं मला चिटणीसांनीच सांगितलं. पण आपल्यातली बरीच कुटुंबं हल्ली जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला जातात. शिवाय ज्यांची मुलं डेन्व्हर, न्यू जर्सी किंवा झुरिकला आहेत त्यांना तिकडून विचारणा होते, ‘‘बाबा, तुमच्यासाठी स्की घेऊन ठेवू का? कुठली घेऊ?’’ मग बाबा मला फोन करतात. तेव्हा एकदाच सगळ्यांना मिळून सांगावं, म्हणून हे भाषण.

मी काही स्कीचा प्रशिक्षक नाही. आयुष्य गेलं ट्रकखालच्या कमानपाट्यांमध्ये. तुमच्यापैकी निम्मे जण वाहन उद्योगातलेच आहेत, त्यामुळे माझी भाषा तुम्हाला कळेल. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

पहिली अडचण भाषेची आहे. आपण सगळ्यालाच ‘बर्फ’ म्हणतो. उसाच्या रसवाल्याकडची लादीही बर्फ आणि आकाशातून पडतं तेही बर्फ. ‘हिम’ हा शब्द आहे, पण तो आपण कवितेसाठी राखून ठेवलाय. स्की करणाऱ्याला मात्र हा फरक पायाला कळतो. नुकतं पडलेलं कोरडं हिम एका घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतं, जवळजवळ पिंजलेला कापूसच. तेच यंत्राने दाबून, रात्रभर गोठवून सपाट केलं की चारशे-पाचशे किलोपर्यंत जातं. आणि खरी लादी नऊशेच्या वर. म्हणजे एकाच नावाखाली दहापट, वीसपट फरक असलेले पदार्थ आले. यांच्या मधले प्रकारही पुष्कळ आहेत. वर भाकरीसारखा पापुद्रा आणि खाली भुसभुशीत, हा सगळ्यांत त्रासदायक, कारण पाय मध्येच आत जातो. मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री गोठून साबुदाण्यासारखे दाणे होतात, त्यावर घसरायला मजा येते. आणि दुपारी तीननंतर गोळ्याच्या ग्लासात तळाशी उरतो तसा पाणचट लगदा.

उद्या सकाळी मरिनावर फिरायला जाल तेव्हा एक करून बघा. लाटेच्या कडेला ओल्या, घट्ट वाळूवरून चाला आणि मग वर कोरड्या वाळूत या. कोरड्या वाळूत वाटतं की पाय रुंद असते तर बरं झालं असतं. ओल्या वाळूवर रुंदीचा काही उपयोग नसतो, तिथे टाच रोवता आली की झालं. स्कीची निवड म्हणजे बरंचसं एवढंच.

आता गुलमर्ग. समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर. तिथल्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत नेतो. दुसरा २००५ साली झाला, तो अफरवटच्या कुशीत सुमारे ३९५० मीटरवर सोडतो. जगभरचे लोक येतात ते या वरच्या टप्प्यासाठी. तिथे हिम कंबरेएवढं खोल असतं, दाबलेले उतार नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला. व्हिडिओत दिसतं ते गुलमर्ग हे. ते पाहून मंडळी ११० मिलिमीटर रुंदीच्या स्की मागवायला निघतात.

पण आपण जातो कुठे? चेन्नईहून चार-पाच दिवसांची रजा काढून गेलेलं कुटुंब खालच्या मैदानातल्या उतारांवर आणि कोंगडोरीच्या आसपास असतं. तिथे सकाळी टणक, दुपारी लगदा, आणि मध्ये शेकडो लोकांनी घासून गुळगुळीत केलेले पट्टे. त्यात हिमाचा भरवसा कमी झालाय. जानेवारी २०२४ मध्ये चिल्ला-ए-कलानचे बहुतेक दिवस गुलमर्ग कोरडं पडलं होतं. २०२५ मध्ये हिम नाही म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. थर पातळ असला की तो लवकर टणक होतो, दगड वर येतात. म्हणून माझं म्हणणं असं की आपण स्की निवडावी ती टणक आणि मिश्र हिमासाठी, खोल हिमाच्या स्वप्नासाठी नव्हे. औलीलाही हेच लागू. तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम हिमाची यंत्रं बसवली होती, आणि यंत्राचं हिम नैसर्गिकापेक्षा घट्टच असतं.

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा १२८-८८-११०. पुढची रुंदी, मधली, मागची, सगळं मिलिमीटरमध्ये. मधला आकडा म्हणजे कंबर. शिंप्याकडे माप देताना जशी कंबर महत्त्वाची तशीच इथेही. ‘ऑल-माउंटन’ म्हणून जे विकलं जातं ते साधारण ८० ते १०० मध्ये येतं, आणि या वीस मिलिमीटरमध्येच सगळा वाद आहे.

रुंद कंबर टणक हिमावर का नको, ते सांगतो. टणक उतारावर स्की सपाट तळाने धरत नाही, पोलादी कड रुतवून धरते. कड रुतवायला स्की कलती करावी लागते. ८० मिलिमीटरच्या स्कीत कड पायाच्या मध्यरेषेपासून ४० मिलिमीटरवर, ११० च्या स्कीत ५५ वर. म्हणजे तरफेचा हात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लांब झाला. तेवढं जास्तीचं बळ घोट्याने द्यायचं, पण घोटा तर बुटात आवळलेला, म्हणून ते जातं गुडघ्यावर. बुटाचा पुढचा तळ जेमतेम ७० मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतलं की ११० ची स्की म्हणजे अरुंद ओट्यावर ठेवलेली रुंद परात. पन्नाशीच्या पुढच्या गुडघ्यांना हे परवडत नाही.

म्हणून गुलमर्गच्या खालच्या टप्प्यासाठी मी ८४ ते ९० सांगतो. आल्प्समध्ये किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे, जिथे टणकपणा जास्त, तिथे ८० ते ८८. कोलोरॅडो-यूटाकडे मुलगा असेल तर ९० ते ९६ चालेल. शंभरच्या वर ज्यांना हवी त्यांनी ती दुसरी जोडी म्हणून घ्यावी.

आता माझा आवडता भाग. स्की जमिनीवर ठेवली की मधोमध उचललेली दिसते. ही कमान. आपल्या ट्रकच्या पाट्यासारखीच. वर माणूस उभा राहिला की ती सपाट होते आणि वजन टोकांपर्यंत वाटून देते, म्हणून कड लांबपर्यंत धरते. याच्या उलट प्रकार म्हणजे टोकं आधीपासूनच वर वळलेली, होडीसारखी. २००२ साली शेन मॅककॉन्कीच्या कल्पनेतून ‘व्होलांट स्पॅट्युला’ नावाची पूर्ण उलट्या कमानीची स्की आली, ती खोल हिमावर तरंगायची आणि टणक उतारावर अगदी निरुपयोगी. आजच्या बहुतेक ऑल-माउंटन स्की मधल्या वाटेवरच्या आहेत. पायाखाली कमान, चोच थोडी लवकर उचललेली, शेपूट जवळजवळ सपाट. हेच घ्यावं. चोच उचललेली असली की लगद्यात आणि पापुद्र्यात ती अडकत नाही. शेपूटही खूप उचललेली असेल तर मात्र वळणाच्या शेवटी स्की मागून निसटते.

हे दुकानात तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. मध्ये फट दिसेल, ती कमान. मग मधोमध दाबून एकत्र आणा आणि वर-खाली कुठपर्यंत चिकटतात ते बघा. जितकी चिकटलेली लांबी जास्त, तितकी टणक हिमावर धरणारी कड जास्त. नंतर एक स्की टेकवून चोच हाताने पिळून बघा. लांबीच्या दिशेने वाकली तर वाकू दे, पण पिळताना सहज वळत असेल तर ती लादीवर कड सोडणार. लवचिकता आणि पीळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

धातूविषयी बरेच गैरसमज आहेत. दुकानदार ‘टायटनल’ म्हणतो आणि गिऱ्हाइकाला टायटॅनियम ऐकू येतं. ते ॲल्युमिनियमचं मिश्रधातू आहे. हॉवर्ड हेड यांनी १९५० च्या सुमारास विमानाच्या ॲल्युमिनियमची स्की बाजारात आणली तेव्हापासून धातू स्कीत आहे. त्याचं मुख्य काम थरथर गिळणं. टणक, खडबडीत उतारावर लाकूड-फायबरची हलकी स्की कडकड वाजते आणि कड क्षणभर सुटते, धातूचे दोन पत्रे असलेली शांत राहते. पण ती जड असते आणि वेग व वजन मागते. पंचावन्न किलोच्या माणसाला, जो सावकाश चालवतो, ती वाकतच नाही आणि न वाकणारी स्की वळत नाही. अशांनी अर्धवट धातूची, म्हणजे फक्त पायाखाली किंवा मधल्या पट्टीत पत्रा असलेली घ्यावी. बायकांची स्की म्हणून गुलाबी रंगाची असते तिच्याकडे रंगावरून नव्हे, वजनावरून बघा.

लांबीबद्दल आमच्या आधीच्या पिढीचं ऐकू नका. त्यांच्या स्की दोन मीटरच्या आणि जवळजवळ सरळ असायच्या. स्लोव्हेनियाच्या ‘एलान’ कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बारीक कंबरेची एससीएक्स आणली आणि वळणाची त्रिज्या चाळीसेक मीटरवरून पंधरावर आली. (कंबरेची कल्पना त्याहून जुनी, नॉर्वेतल्या टेलेमार्कच्या सोंड्रे नोरहाइमची, एकोणिसाव्या शतकातली. पण ते राहू दे.) आज नवशिक्याला हनुवटीपर्यंत, बऱ्यापैकी येणाऱ्याला नाकापर्यंत, सराईताला कपाळापर्यंत लांबी पुरते. चोच फार उचललेली असेल तर पाच सेंटिमीटर वाढवा, कारण तेवढी कड हिमाला लागतच नाही.

इथपर्यंत ऐकून कुणी लगेच स्की विकत घ्यायला निघाला असेल तर थांबा. आधी बूट घ्या. स्की कितीही चांगली असली तरी बुटात टाच उचलली जात असेल तर आज्ञा तिच्यापर्यंत पोचतच नाही. स्की भाड्याने चालते, बूट स्वतःचे असावेत आणि ते प्रवासी बॅगेत मावतातही.

आणि बूट-स्की यांना जोडणारी पकड, तिला सगळे बाइंडिंग म्हणतात, तिच्याबद्दल गंभीरपणे सांगतो. पडल्यावर बूट सुटायला हवा, त्यासाठी स्प्रिंगवर आकडा लावलेला असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि चालवण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून काढतात. वयाची पन्नाशी गाठली की तक्त्यात एक पायरी खाली यायचं, असा आंतरराष्ट्रीय प्रमाणातच नियम आहे. माझी भाची, बावन्न किलोची, पहिल्यांदाच स्कीवर उभी राहणारी. भाड्याच्या दुकानात तिच्या आधी कुणा धिप्पाड माणसाने ती जोडी वापरली होती. दुकानदाराने फक्त बूट बसतो का पाहिलं, आकडा तसाच ठेवला. दुपारच्या लगद्यात स्की अडकली, शरीर वळलं, पकड सुटली नाही. नडगीचं हाड मोडलं. आठ महिने काठी. एका पेचकसाचं काम होतं. तेव्हा भाड्याने घेताना तुमचं वजन आणि वय विचारलं गेलं नाही तर तुम्ही सांगा, आणि आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुकान सोडू नका. आणि हेही लक्षात असू द्या की पकड नीट लावलेली असली तरी ती हाड वाचवते, गुडघ्याच्या आतले बंध वाचतीलच असं नाही. थकल्यावर शेवटची फेरी घेऊ नका.

भाड्याच्या स्कीची धार बघायची असेल तर नखाची पाठ कडेवर आडवी ओढा. पांढरा भुगा निघाला तर धार आहे. नाही निघाला तर दुसरी जोडी मागा. कंबर, कमान, धातू यांवर मी इतका वेळ बोललो, पण बोथट कडेची उत्तम स्की ही धारदार कडेच्या सामान्य स्कीपुढे टणक उतारावर हरते.

नंतरच्या प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न आले. एक, विकत घ्यावी की भाड्याने? वर्षाला आठ-दहा दिवसांपेक्षा कमी जात असाल तर भाड्याने. शिकायचंच असेल तर गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचे वर्ग आहेत, तिथे आधी जा.

दुसरा प्रश्न एका काकूंचा. मुलाने आणून दिलेली जोडी सांथोमच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं पलंगाखाली आहे, कडा तांबूस झाल्यात, काय करावं? काकू, समुद्राची खारी हवा पोलादाला सोडत नाही. तांबेरा वरवरचा असेल तर बारीक घासणीच्या रबराने निघेल, खड्डे पडले असतील तर कारागिराकडून कड घासून घ्यावी लागेल. मग तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर इस्त्रीने चढवा आणि तो खरवडू नका, पुढच्या मोसमापर्यंत तसाच राहू द्या. इस्त्री जुनी, वाफेची भोकं नसलेली घ्या आणि नंतर ती कपड्यांना लावू नका. जोडी माळ्यावर ठेवू नका, गच्चीखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. आतल्या खोलीत, भिंतीला लागून, कोरड्या कापडात उभी ठेवा. आणि कंबरेचा आकडा मला सांगा. ११० असेल तर त्या स्कीवर तुम्ही खालच्या उतारावर जाऊ नका, मुलाला परत न्यायला सांगा.