दगडातले होकायंत्र



काशीहून परतलेल्या माणसाबरोबर गंगेचा गडू घरी येतो आणि देव्हाऱ्यात जपला जातो. घाटाचा दगड मात्र कोणी आणीत नाही. वास्तविक ते घाट मराठी मनाला परके नाहीत. मणिकर्णिकेशी अहल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे, शिंदे घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. दान मराठी असले तरी दगड चुनारचा. काशीच्या नैर्ऋत्येस, गंगेच्याच काठच्या टेकड्यांतून काढलेला आणि नावांत घालून प्रवाहाबरोबर खाली आणलेला तो वालुकाश्म. सारनाथचा अशोकस्तंभही याच जातीच्या दगडाचा.

हा दगड विंध्य समूहातला. वय शंभर कोटी वर्षांहून अधिक. त्याची वाळू साचत होती तेव्हा जमिनीवर गवताचे पातेही उगवलेले नव्हते. त्या काळी हा भूभाग पृथ्वीच्या पाठीवर होता तरी कोठे? आजच्याच जागी, की अन्यत्र? पाहणारा कोणी नव्हता. परंतु दगडाला साक्ष देता येते, हे विसाव्या शतकात ध्यानी आले.

ही साक्ष लोहाची असते. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्यापासून झाला. त्यात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, की हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि दगड गार झाल्यावर ती दिशा त्यांच्यात गोठून राहते. वीटभट्टीतली वीट निवताना हेच घडते. वालुकाश्माची तऱ्हा थोडी निराळी. त्याला तांबूस रंग देणारे हेमॅटाइट वाळूबरोबर साचताना किंवा पुढे कणांच्या फटींत वाढताना दिशा पकडते. त्याचे चुंबकत्व फार क्षीण असते, पण चिवट. ते पुसायला ६७० अंशांहूनही अधिक तापवावे लागते.

गोठलेल्या दिशेवरून स्थळ कसे कळते? मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्ताजवळ आडवी राहते, ध्रुवाजवळ उभी होते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात वर उचलले जाते. या झुकण्याला नमन म्हणतात. आज काशीत ते सुमारे चाळीस अंश, तर अलिबागला पंचविसाच्या आसपास आहे. अलिबागचे नाव सहज आलेले नाही. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली. तेथील इमारतीसाठी आसपासचा काळा दगड वापरता येईना, कारण तो स्वतःच चुंबक! त्यासाठी पोरबंदरचा दगड आणावा लागला. बांधकाम करणाऱ्यांना जी अडचण वाटली, तीच पुढे संशोधकांची सामग्री झाली.

येथे एका फसलेल्या प्रयोगाची कथा सांगितली पाहिजे. नोबेल पारितोषिक मिळवलेले इंग्लंडचे पदार्थवैज्ञानिक पॅट्रिक ब्लॅकेट यांची अशी कल्पना होती, की कोणतीही वजनदार वस्तू केवळ स्वतःभोवती फिरते म्हणून तिच्यात चुंबकत्व उपजत असावे. ती तपासण्यासाठी त्यांनी पंधरा किलोंहून अधिक वजनाचा शुद्ध सोन्याचा दंडगोल उसना आणला आणि अतिशय संवेदनशील चुंबकमापक घडवला. सोन्यापाशी काहीच आढळले नाही. १९५२ साली ब्लॅकेट यांनी तसे मोकळेपणाने प्रसिद्ध केले. कल्पना गेली, उपकरण उरले. आणि दगडांतले क्षीण चुंबकत्व मोजण्यास ते अगदी योग्य ठरले. आपली चूक असा लेख लिहून मान्य करणारे मोठे शास्त्रज्ञ फार आढळत नाहीत.

खंड सरकतात, ही आल्फ्रेड वेगेनर यांची कल्पना तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक हसण्यावारी नेत. तिची कसोटी घेण्यास दख्खनच्या पाषाणाइतका सोयीचा दगड क्वचितच मिळेल. लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली दख्खनच्या नमुन्यांची मोजणी प्रसिद्ध केली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे, सी. राधाकृष्णमूर्ती आणि त्यांचे सहकारी याच कामाला लागले. डॉइच यांच्यासह त्यांनी १९५९ साली आपले निष्कर्ष मांडले. सह्याद्री चढत जाता एका उंचीनंतर दगडांतली दिशा जवळजवळ नेमकी उलटी होते, असे दिसून आले. लाव्ह्याचे थर साचत असताना पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांचीच अदलाबदल झाली होती. दोन्ही थरांतून अक्षांश मात्र एकच निघत होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीस अंश. मुंबई आज एकोणीस अंश उत्तरेस आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांत हा देश पाच हजार किलोमीटर उत्तरेकडे सरकला, असा त्याचा अर्थ.

एवढा मोठा निष्कर्ष बोटभर दगडावर उभा करायचा, तर तो दगड खरे बोलतो कशावरून? डोंगरमाथ्यावर वीज पडली की मूळ चुंबकत्व बिघडते. काही कण दुबळे असतात. ते जुनी दिशा सोडून आजच्या क्षेत्राकडे वळतात. म्हणून नमुना पायरीपायरीने तापवून किंवा प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवून वरवरचे चुंबकत्व काढून टाकतात आणि आत काय उरते ते पाहतात. कोणत्या कणांवर विसंबावे हे त्यांच्या भौतिक गुणांवरून, म्हणजे ते किती सहज चुंबकित होतात आणि किती हट्टाने तसे राहतात यावरून ठरते. एस. डी. लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी याच मोजणीसाठी एक उपकरण रचले आणि १९६५ साली प्रसिद्ध केले. खंडांच्या प्रवासापुढे अशा उपकरणाची गोष्ट कोणी सांगत नाही. पण ही पारख नसती, तर त्या प्रवासावर विश्वास कोणी ठेवला असता?

आणखी एक अट आहे, आणि तीपुढे घाटाचा चिरा हरतो. नमुना डोंगरातून काढण्यापूर्वी त्याच्यावर उत्तर दिशा आणि उतार यांच्या खुणा कराव्या लागतात. काळा दगड होकायंत्रालाही फसवू शकतो, म्हणून पुष्कळदा सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवतात. घाटाची पायरी गवंड्याने सोयीप्रमाणे फिरवून बसवलेली. तिच्यातले होकायंत्र शाबूत आहे, पण ते कोणत्या उत्तरेला धरून होते हे आता कळण्याचा मार्ग नाही. विंध्याचा इतिहास हवा असेल, तर विंध्यातच जावे लागते.

तसे संशोधक गेलेही. सहस्रबुद्धे आणि डी. सी. मिश्र यांनी १९६६ साली विंध्य खडकांच्या पुराचुंबकत्वावर लेख प्रसिद्ध केला. आर. एन. आठवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली भांडेर व रेवा येथील वालुकाश्मांचा अभ्यास मांडला. भांडेर आणि रेवा हे थर चुनारच्या कैमूर थरांच्या वर येतात. त्यांच्या वयाबद्दल मोठा वाद होता. काहींच्या मते ते साठ कोटी वर्षांच्या आसपासचे. या वादाला मध्य प्रदेशातील पन्नाजवळच्या मझगवां येथील हिऱ्याच्या खाणीने वळण दिले. तेथे खोल पृथ्वीतून वर आलेल्या ज्वालामुखी खडकाची नळी आहे आणि तिचे वय सुमारे १०७ कोटी वर्षे निघते. या नळीतल्या दगडात गोठलेली दिशा आणि भांडेर-रेवा थरांतली दिशा एकमेकींशी जुळतात, असे २००६ साली परदेशी व भारतीय संशोधकांनी दाखवले. त्यावरून ते थरही शंभर कोटी वर्षांइतके जुने असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. सर्वांनी त्याला मान डोलावलेली नाही. वाद अजून चालू आहे.

चुनारच्या दगडापुरता मात्र वाद नाही. मझगवांची नळी कैमूरच्या थरांना भेदून वर आलेली आहे, म्हणजे ते थर तिच्या आधीपासून तेथे होते. शाळेच्या हीरक महोत्सवात हेही सांगायला हरकत नाही, की काशीच्या घाटावर आपण ज्या चिऱ्यावर पाय ठेवतो, तो पन्नाचे हिरे वर आणणाऱ्या नळीहून वडील आहे.