बंदी गाण्यावर, कुऱ्हाड गाणारीवर



परिषदेच्या ठरावांचा मसुदा काल माझ्या हाती आला. त्यातला चौथा ठराव असा : स्त्रियांची मानहानी करणाऱ्या गाण्यांना आळा घालण्यासाठी सरकारने खास परिनिरीक्षण मंडळ नेमावं. ठराव मांडणाऱ्यांचा संताप मला समजतो. बाईच्या नकाराला लाडिक होकार मानणारी, सोडून गेलेल्या मुलीला धमकावणारी गाणी वरातीत डीजेवर वाजतात आणि नवरीच्या मावश्या-आत्या त्यांवर नाचतात, हे मीही पाहते. पण अध्यक्षपद दिलंच आहे, तर या होऊ घातलेल्या मंडळाच्या पूर्वजांची ओळख करून देण्याचा हक्क मी बजावते.

पहिला पूर्वज घरचाच. स्वातंत्र्याच्या आगेमागे, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलता. कलावंतांनी दाद मागितली, बंदी उठली, पण अटी आल्या. वग आणि बतावणी आधी लिहून द्यायची, तपासून घ्यायची. ज्या बतावणीचा सगळा जीव सोंगाड्याच्या हजरजबाबीपणात, ती कागदावर उतरून मंजुरीची वाट पाहू लागली. पुढे लोकनाट्य या नावाने जे शिष्टसंमत झालं, ते पांढरपेशा प्रेक्षकाने डोक्यावर घेतलं. फडातल्या बाईचं काय झालं? तिचं पोट जिच्यावर चालायचं ती दौलतजादा वाईट ठरली. पैसे उधळणाऱ्या पाटला-सावकाराला सुधारण्यासाठी समिती बसल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

जरा मागे जाऊ. राम जोशी, होनाजी, प्रभाकर, परशराम या शाहिरांनी शृंगाराच्या लावण्या लिहिल्या. बोलणारी बाई, लिहिणारा पुरुष आणि फडात नाचणारा बाईच्या वेषातला नाच्या पोऱ्या. पेशवाईने या लावणीला बिदागी दिली. पुढे पठ्ठे बापूरावांच्या जोडीने पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या. बापूराव जन्माने ब्राह्मण, पवळाबाई महार समाजातल्या. तमाशात खऱ्याखुऱ्या बाया आल्या त्या बहुतेक कोल्हाटी, महार, मांग घरांतून. बाईची वासना पुरुषाच्या लेखणीतून आली तेव्हा ती रसिकता होती. ती बाईच्याच गळ्यातून आणि तेही खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईच्या गळ्यातून आली, तेव्हा समाजाला एकाएकी सोवळं आठवलं. माझं हे म्हणणं थोडं ढोबळ आहे, हे मान्य. विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर यांना राष्ट्रीय सन्मान मिळाले, हेही खरं. पण संगीत बारीतल्या बाईकडे गावाने कोणत्या नजरेने पाहिलं, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

दुसरा पूर्वज आकाशवाणीचा. सरदार पटेलांकडे नभोवाणी खातं असताना ज्यांचं खाजगी आयुष्य बदनाम आहे, अशा कलावंतांना रेडिओवर थारा नको, असा दंडक आला. शब्द पाहिले तर स्त्री-पुरुष दोघांना लागू. दारं बंद झाली ती कोठ्यावरच्या गायिकांची. ठुमरी-दादरा ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपला, त्यांना वगळून ठुमरी-दादऱ्याचं प्रसारण! पुढे १९५२ साली माहिती मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटसंगीतच आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं. श्रोत्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अखेर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकर आपलेच मराठी गृहस्थ होते, हे जाता जाता.

आता नव्वदीत या. १९९३च्या 'खलनायक'मधलं चोळीचं गाणं आठवा. एक बाई प्रश्न विचारते, दुसरी उत्तर देते, इला अरुण आणि अलका याज्ञिक. दिल्लीत एका वकिलाने कोर्ट गाठलं, आकाशवाणी-दूरदर्शनने गाणं बंद केलं, कॅसेटी धडाक्याने खपल्या. पुढच्याच वर्षी 'खुद्दार'मधल्या गाण्यात नायिका स्वतःला सेक्सी म्हणवते म्हणून ओरड झाली, आणि त्या शब्दाच्या जागी बेबी घालण्यात आलं. मोठी बाई कुक्कुलं बाळ झाली, आणि संस्कृती वाचली. त्याच काळात नायक कॉलेजच्या पोरीचा रस्ता अडवतो, ओढणी ओढतो, मित्रांचं टोळकं घेऊन कडवंभर तिच्या मागे धावतो, अशी गाणी सर्रास 'यू' प्रमाणपत्र घेऊन घराघरात शिरली. स्त्रियांची मानहानी करणारी दृश्यं नकोत, असं चित्रपट प्रमाणनाच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलेलं आहे. नियम होता. वाचणाऱ्याला बाईची इच्छा दिसली, बाईचा छळ दिसला नाही.

डान्सबारचं तुम्हाला ठाऊक आहे. २००५ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्यावर बंदी आली, तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट मिळाली. म्हणजे तेच गाणं, तोच नाच पंचतारांकित हॉटेलात करमणूक आणि पनवेलच्या बारमध्ये गुन्हा. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव अमान्य केला. मधल्या वर्षांत दारू विकली जात होती, गाणी वाजत होती. रोजगार गेला तो नाचणाऱ्या बायकांचा.

याउलट एक गाणं बघा, मला ते फार आवडतं. १९६४च्या 'मराठा तितुका मेळवावा'मधली कशिद्याच्या साडीची लावणी. शब्द शांता शेळक्यांचे, संगीत आनंदघन यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं, आवाज आशाताईंचा. चित्रपट भालजी पेंढारकरांचा, पण गाणं तीन बायांचं. त्यातली बाई मिरवते ती आपल्या हातची कारागिरी, आणि समोरच्याला साडीला हात लावू देत नाही. शृंगार आहे, नखरा आहे, ढोलकी आहे. तरी नकाराचा होकार कुणी करू शकणार नाही, इतका तो नकार ठसठशीत आहे. हे घडायला कुठल्या मंडळाची गरज लागली नाही. पेटीवर कोण बसलं, लेखणी कुणाच्या हाती होती, याने फरक पडला. (आपल्या पाठ्यपुस्तकांत शांताबाईंच्या निसर्गकविता आहेत. त्यांच्या लावण्यांवर किती प्रबंध झाले, हे विद्यापीठातल्यांनी सांगावं.)

मग आजच्या विखारी गाण्यांचं काय करायचं? धमकी, बदनामी, हिंसेची चिथावणी यांसाठी कायदे आहेत, ते वापरा. यूट्यूबवरच्या गाण्यामागे मंडळ धावेल तोवर त्याची दहा रिमिक्स निघतील, आणि बंदीची बातमी हीच त्याची जाहिरात ठरेल. आपल्या हातात आहे ती समीक्षा, आणि ती आपण केलेली नाही. आपण चाल, ठेका, वाद्यमेळ यांवर लिहितो, शब्दांना 'बाजारू' म्हणून नाक मुरडतो आणि पुढे जातो. त्या बाजारू शब्दांत बाईला कुठे उभं केलंय, गाणाऱ्या पोरीला किती पैसे मिळाले, करारावर सही कुणाची, हक्क कुणाकडे गेले, हे कोण विचारणार?

चौथा ठराव दुपारच्या सत्रात येईल. तो मांडू दिला जाईल, चर्चा होईल, आणि मतदानात माझं मत विरोधात पडेल. यादीत अगदी तळाला अकरावा ठराव आहे : संगीत बारीतल्या वयस्कर कलावतींच्या बैठकीच्या लावण्या अदेसकट चित्रित कराव्यात, चित्रीकरणाचे हक्क त्यांच्याच नावे ठेवावेत आणि मोबदला रोख द्यावा. गेल्या खेपेस वेळ संपला म्हणून तो राहून गेला होता. या वेळी तो जेवणाआधी घ्यावा, अशी अध्यक्षांची सूचना आहे. अनुमोदन कोण देतं?