टेम्पोचं भाडं, पासबुक आणि स्कॉलरशिपचा फॉर्म

हेडफोन नीट लावा, आज थोडं हिशोबाचं बोलायचंय.

अॅडमिशनचा सीझन आला की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, कंपन्यांच्या स्कॉलरशिप खरंच मिळतात का, की वशिला लागतो?" मिळतात. मला मिळाली, आणि वशिला म्हणावा असा माझ्याकडे कुणीच नव्हता. पण मिळाली ती दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला का हुकली ते आज सांगतो, कारण त्याच खड्ड्यात तुमच्यातले बरेच जण पडणार आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की कंपनी आपल्यावर दया करते. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना, म्हणजे उदाहरणार्थ ज्यांचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे त्यांना, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर म्हणतात, आणि शिक्षण त्यात बसतं. आता यातली खरी मेख ऐका. हा पैसा ज्या कामासाठी दिला त्यासाठीच वापरला गेला, असं कंपनीच्या सीएफओला प्रमाणित करावं लागतं. म्हणजे तुमचा फॉर्म जो कुणी वाचतोय, त्यालाही वर उत्तर द्यायचंय. त्याला तुमची कहाणी ऐकायला आवडेलही, पण त्याला फाईलमध्ये लावायला कागद हवेत आणि ते कागद एकमेकांशी जुळायला हवेत.

माझे जुळले नव्हते.

आमच्या अण्णांचा टेम्पो आहे. बार्शी, कुर्डुवाडी, सोलापूर, जिथलं भाडं मिळेल तिथं. मी पुण्यात इंजिनिअरिंगला लागलो. पहिल्या वर्षी एका कंपनीचा फॉर्म भरला. उत्पन्नाचा दाखला १ लाख २० हजारांचा, तहसीलदारांच्या सहीचा, एकदम खरा. सोबत अण्णांच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं होतं, तेही जोडलं. त्यात दर महिन्याला ३८ हजारांच्या आसपास जमा. आता वाचणाऱ्याने काय समजायचं? ३८ गुणिले १२, साडेचार लाखांच्या वर. आणि दाखल्यावर सव्वा लाखसुद्धा नाही. उत्तर आलं, एका ओळीचं : कागदपत्रांत विसंगती. विषय संपला.

वर "तुम्हाला या मदतीची गरज का आहे?" या रकान्यात मी काय लिहिलं होतं माहितीये? "मी गरीब पण होतकरू कुटुंबातून आलो असून देशाची सेवा करणे हे माझे स्वप्न आहे." कुठल्या तरी व्हिडिओतून उचललेलं. आज वाचून मलाच हसू येतं. तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाची फी समोर होती आणि कुर्डुवाडीचा एक माणूस टेम्पो बघून, टायर दाबून, किंमत सांगून गेला होता.

पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात निघाली, दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही चालणारी. मी अण्णांना म्हटलं, "तुमच्या धंद्याचा महिन्याचा हिशोब सांगा, लिहून द्यायचाय." ते गप्प. मग म्हणाले, "आपल्या घरातलं कंपनीला कशाला दाखवायचं?" खरं सांगू, त्यांनी तो हिशोब आईलाही कधी धड सांगितला नव्हता. दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर स्वतःच म्हणाले, "घे वही."

३८ हजार भाडं. डिझेल १९ हजार. टोल २ हजार. टायर, सर्व्हिसिंग ३ हजार. विमा, पासिंग, टॅक्स हे वर्षाचं, महिन्यावर पाडलं तर ४ हजार. गेले २८. राहिले १०. वर्षाचे १ लाख २० हजार. दाखल्यावरचा आकडा! वही बघून अण्णाच म्हणाले, "एवढंच राहतं होय."

हा हिशोब मी एका पानावर लिहिला, खाली अण्णांची सही घेतली, डिझेलच्या पावत्या आणि विम्याची प्रत जोडली. असा कागद कुणी मागितला नव्हता. पण तुमच्या वडिलांचं दुकान असेल, शेती असेल, रिक्षा असेल, तर खात्यात येणारा सगळा पैसा उत्पन्न नसतो, हे तुम्हीच सांगायला हवं. समोरच्याने ओळखावं ही अपेक्षा सोडा. आणि दाखला कमी रकमेचा "काढून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा.

मग तो "गरज का आहे" वाला रकाना. या वेळी नुसते आकडे. ट्यूशन फी ८८ हजार. राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी सरकार भरतं, राहिली ४४. इतर फी ८. होस्टेल, मेस दहा महिन्यांचे ५५. पुस्तकं, प्रवास ८. एकूण १ लाख १५ हजार. घरून ४०, कमवा आणि शिका अधिक सुट्टीतलं काम मिळून १५. कमी पडतात ६०. सरकारी सवलत लपवायची नाही बरं का. काही कंपन्यांना दुसरी मदत चालते, काहींना चालत नाही, जाहिरातीत नीट वाचा. लपवलं आणि नंतर कळलं तर मिळालेलंही जातं.

महिन्याभराने फोन आला. मी स्वारगेटला, मागे कंडक्टर ओरडतोय. पलीकडच्या मॅडमनी मार्क विचारले नाहीत, स्वप्न विचारलं नाही. म्हणाल्या, "साठ मागितलेत. आम्ही चाळीसच दिले तर?" मी म्हटलं, "होस्टेल सोडून भोसरीला मावशीकडे राहीन. एका खोलीत ते चौघं आहेत, मी पाचवा. वीस हजार वाचतील, पण रोज तीन तास जाण्यायेण्यात जातील." त्या थोडं थांबल्या, "ठीक आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पन्नास मिळाले, थेट कॉलेजच्या खात्यात. उरलेले दहा दिवाळीत अण्णांच्या टेम्पोवर माल चढवून-उतरवून काढले.

आता तुमच्या कामाचं पटापट. यंदा पहिल्या वर्षाला असाल तर रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची स्कॉलरशिप बघा, पूर्ण पदवीसाठी २ लाखांपर्यंत, त्यात ऑनलाईन अॅप्टिट्यूड टेस्ट असते. मुलींनी कोटक कन्या बघावी, व्यावसायिक अभ्यासक्रमाला वर्षाला दीड लाखापर्यंत. टक्क्यांच्या आणि उत्पन्नाच्या अटी बदलतात, म्हणून कुणाच्या रीलवरून नाही, त्यांच्याच साईटवरून यंदाची जाहिरात वाचा. फॉर्मसाठी कुणी "प्रोसेसिंग फी" किंवा ओटीपी मागितला, की नंबर ब्लॉक.

उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. जाहिरात निघाल्यावर सेतूत रांग लागते आणि तलाठ्याचा अहवाल काही तुमच्या शेवटच्या तारखेसाठी थांबत नाही. आधार, मार्कशीट, पासबुक, तिन्हीवरचं नाव आजच शेजारी ठेवून बघा. एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही, एकीकडे आडनाव आधी, यात फॉर्म अडकलेले मी पाहिलेत. बोनाफाईड आणि फीचं पत्रक कॉलेजच्या ऑफिसातून घ्या, जेवणाच्या सुट्टीच्या आधी जा. आणि मिळाल्यावर पुढच्या वर्षी रिन्यू करायचं असतं. काही ठिकाणी एक केटी लागली तरी ते थांबतं, तेव्हा ती अट सही करण्याआधी वाचा.

घरच्या हिशोबाचं ते एक पान कसं लिहायचं यावर अडलात तर व्हॉईस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन घेऊन बसू. मात्र पाठवण्याआधी घरी विचारा. अण्णांनाही मी हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी विचारलं. म्हणाले, "सांग. पण टेम्पो विकला नाही, हेही सांग."